वरचा आकडा, खालचा आकडा

३ मार्च

ढग्या,

पार्सल पोचलं असेल. आत यंत्र आहे, हाताला बांधायचा पट्टा आहे आणि माझ्या अक्षरातला एक कागद आहे. तो कागद टाकून देऊ नकोस, तुझी सवय माहीत आहे मला.

फोन करता आला असता. पण फोनवर तू दोन मिनिटांत "सगळं ठीक, ताई" म्हणून मोकळा होतोस. कागदावर तुला थांबावं लागतं, म्हणून हे पत्र.

तू एक्कावन्नचा झालास. बाबा चौपन्नाव्या वर्षी "उद्या सकाळी आपण" एवढं बोलले आणि ते वाक्य तसंच राहिलं. त्या उद्याचं काय करायचं होतं हे आपल्याला कधी कळलं नाही. त्यांचं ब्लडप्रेशर कधी कुणी मोजलं नव्हतं. तुझंही नाही. आमच्या दवाखान्यात सध्या पन्नाशीच्या लोकांची तपासणी चालू आहे. त्यांच्या दंडाला पट्टा बांधताना मला तुझा दंड आठवतो, एवढंच कारण.

आता नीट ऐक. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, सिगरेट नाही. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय नको. बाही वर घ्यायची, पट्टा उघड्या दंडाला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, मनातल्या मनात चित्रं रंगवलीस तर चालेल. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट. सात दिवस. सगळे आकडे लिहून पाठव. एकदा मोजून काही कळत नाही. एकदा खिडकीतून बाहेर बघून हवामान सांगता येतं का?

आई बरी आहे. फोनवर तिला आताशा अजिबात ऐकू येत नाही, म्हणून तिला बोलायला देत नाही, उगाच चिडते. म्हणाली, "ढग्याला सांग, त्या उंच माच्यावर चढताना पायाखाली बघ. वर बघायला सगळा जन्म पडलाय."

तुझे भावोजी अजून बोटीवर. त्यांना यायला ऑक्टोबर उजाडेल.

ताई


१६ मार्च

ताई,

यंत्र मिळालं. कागदही आहे, भिंतीला टाचणीने लावला आहे.

या महिन्यात नव्या नाटकासाठी एक मोठं आकाश चालू आहे. चाळीस फूट लांब, पहाटेचं. कापड जमिनीवर पसरतो आणि काठीला बांधलेल्या ब्रशने उभ्या-उभ्या रंगवतो, त्यामुळे दिवसभर मोजे घालून आकाशावर चालत असतो. जवळून काही कळत नाही, नुसते राखाडी-गुलाबी डाग. मग लोखंडी जिना चढून माच्यावर जायचं आणि तिथून खाली बघायचं, की एकदम पहाट होते. परवा वर उभा होतो तर वाटलं आपण आकाशाच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली लोकांची सकाळ तयार करून देतो. बराच वेळ तसाच कठड्याला धरून उभा राहिलो. उतरायची इच्छाच होईना.

तुझे आकडे. सोमवार सकाळ १२०/८०, संध्याकाळ १२०/८०. मंगळवार १२०/७०, १२०/८०. बुधवार ११०/७०, १२०/८०. गुरुवार सकाळी आठला १२०/८०, संध्याकाळी सातला १२०/७०. शुक्रवार, शनिवार, रविवार १२०/८०. झालं समाधान?

गुरुवारी फार मजा आली. आकाश रंगमंचावर टांगलं. दुपारी चारला सुरुवात केली ती नऊपर्यंत आम्ही सगळे दोरांना लटकलेले, पाणी प्यायलाही कुणी हललं नाही. वर गेलं तेव्हा दिवेवाल्याने मागून एकच दिवा लावला.

आईला सांग, मी पायाखाली बघतो. पायाखालीच तर आकाश असतं माझ्या.

ढग्या


२१ मार्च

ढग्या,

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तू दोराला लटकला होतास. पाणी प्यायलाही हलला नव्हतास. मग पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून १२०/७० कुणी मोजलं? दिवेवाल्याने?

आणि सगळे आकडे शून्यावर संपणारे! मी सव्वीस वर्षं हे काम करते. माणसाचं रक्त असं शाळेतल्या पाढ्यासारखं वागत नाही. ते १२७ असतं, १३३ असतं, जिना चढून आलं की चढतं, झोपलं की उतरतं. थापा मारायच्या तर जरा अभ्यास करून मारायच्या.

एकदा तरी बांधलास का पट्टा? मला वाटतं बांधलास. न बांधणारा माणूस "वेळ झाला नाही" म्हणतो. आकडे रचत बसतो तो ज्याने एकदा खरा आकडा पाहिलाय.

"मला काही होत नाही" हे लिहू नकोस. तेच तर या दुखण्याचं लक्षण. डोकं दुखत नाही, छातीत कळ नाही, माणूस हसतो, खातो, काम करतो. आणि आत कुठेतरी रक्ताच्या नळ्या रोज थोड्या-थोड्या झिजत असतात. "मी तर कधी चिडत नाही" हेही लिहू नकोस. रागाचा आणि याचा एवढा संबंध नाही. बाबा कधी चढ्या आवाजात बोलले होते का?

आई म्हणते, "खोटं बोलायचं तर निदान चांगल्या कामासाठी बोल."

खरा आकडा पाठव. उलट टपाली.

ताई


२९ मार्च

ताई,

१७२/१०४.

पहिल्याच दिवशी. सोमवारी सकाळी. तू सांगितलं होतंस तसा गप्प बसलो होतो, खिडकीतून धुकं दिसत होतं. पट्टा फुगायला लागला तेव्हा वाटलं, गर्दीत कुणी ओळखीच्या माणसाने दंड धरून थांबवलंय. मग सैल झाला आणि आकडा आला. मी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. पुन्हा मोजलं, १६८/१०२. यंत्र पेटीत घातलं, पेटी जुन्या ब्रशांच्या खणात टाकली आणि दिवसभर आकाशावर चालत राहिलो.

तुला काय सांगू, त्या दिवशी काम इतकं सुरेख झालं! वाटत होतं मी हलका झालोय, कापडाला पाय लागत नाहीत. प्रत्येक ब्रश मारताना मनात एकच चालू होतं: "उद्या सकाळी आपण". तेवढंच, पुढे काही नाही.

मग आकडे रचले. तुला बरं वाटावं म्हणून रचले असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच. मला बरं वाटावं म्हणून रचले.

आता खरे, सात दिवसांचे, मागच्या पानावर आहेत. सगळ्यात कमी १५३/९४. सगळ्यात जास्त पहिल्या दिवसाचा. हे वाईट की फार वाईट? वरचा आकडा महत्त्वाचा की खालचा? आणि तो कुठल्या रेघेपलीकडे गेला की माणूस आजारी? मी रोज उजेडाचं काम करतो. पहाट नेमकी कुठे संपते आणि सकाळ कुठे सुरू होते हे मला आजवर दाखवता आलेलं नाही. तुम्ही लोक कुठून आणता रेघ?

आईच्या खिडकीसाठी छोटा पडदा पाठवतोय. त्याच पहाटेच्या उरलेल्या रंगांनी केलाय. कडाही मीच दुमडून शिवल्या.

ढग्या


६ एप्रिल

ढग्या,

तुझं पत्र दवाखान्यात मधल्या सुट्टीत वाचलं. आमचा दवाखाना म्हणजे बंदरावरचं जुनं गोदाम, खिडक्या छताजवळ, बाहेरची फक्त बोटींच्या डोलकाठ्यांची टोकं दिसतात. त्यांच्याकडे बघत मी बराच वेळ बसले. पुढच्या पेशंटने खाकरून आठवण करून दिली.

घाबरू नकोस. कळलं हे निम्मं काम झालं.

वरचा आकडा म्हणजे हृदय आवळतं तेव्हाचा जोर. खालचा म्हणजे दोन ठोक्यांमधे ते विसावतं तेव्हाही नळ्यांत उरलेला जोर. दोन्ही महत्त्वाचे. दोघांतला जो वाईट पायरीवर, तीच माणसाची पायरी. एकशेवीस-ऐंशीच्या आत असलं तर छान. एकशेवीस ते एकशेएकोणतीस आणि खालचा ऐंशीच्या आत, तर चढणीला लागलेला. एकशेतीस किंवा ऐंशीपासून पहिली पायरी, एकशेचाळीस किंवा नव्वदपासून दुसरी. काही पुस्तकं आजार एकशेचाळीसवरच सुरू झाला म्हणतात. घरी मोजलं तर थोडं खालीच धरतात, एकशेपस्तीस-पंचाऐंशी. आणि वरचा एकशेऐंशीच्या किंवा खालचा एकशेवीसच्या वर गेला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. तरी तसाच असला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ जड होणं, हातपाय लुळे पडणं असं काही असेल, तर पत्रबित्र लिहीत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

तू दुसऱ्या पायरीवर आहेस.

रेघेचं तू म्हणतोस ते खरं आहे. १३९ चा माणूस आणि १४१ चा माणूस, दोघं सारखेच. निसर्गात रेघ नाही, ती आम्ही मारतो. लाखो माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, कुणाला कधी काय झालं ते पाहिलं आणि म्हटलं, इथून पुढे धोका दुप्पट होत जातो, इथे मारू. मारावी लागते. नाहीतर सगळे तुझ्यासारखे धुक्यात उभे राहून म्हणतील, अजून पहाटच आहे.

या आठवड्यात डॉक्टरकडे जा. आकड्यांचा कागद घेऊन जा. माझ्या राजा, एवढं कर.

पडदा लावला. आई बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "किती सुंदर आहे आकाश. अगदी खरं वाटतं."

ताई


२० एप्रिल

ताई,

गेलो. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत, जाड चष्मा, आवाज लायब्ररीतल्यासारखा. आधी दोन्ही दंडांना पट्टा बांधला. म्हणाल्या, दोन्हीकडे फार फरक नाही ना ते बघावं लागतं, आणि यापुढे जास्त दाखवणाऱ्या हातालाच मोजायचं. मग कागद वाचला. "घरी इतकं नीट कुणी शिकवलं?" मी तुझं नाव सांगितलं. "भाग्यवान आहात," म्हणाल्या. मी मान डोलावली.

लघवी तपासली, रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक आहेत. हृदयाचा आलेख काढला. मग डोळ्यांच्या तपासणीला पाठवलं. मी म्हटलं, अहो, डोळ्यांना काय झालंय, पोट त्याच्यावर आहे माझं. त्या म्हणाल्या, आख्ख्या शरीरात रक्तवाहिन्या न कापता उघड्या बघता येतात अशी ती एकच जागा.

डोळ्यांत थेंब घातले. अर्ध्या तासाने सगळं जग विरघळलं. दाराच्या कडा गेल्या, माणसांभोवती उजेड साचला. त्या अंधाऱ्या खोलीत बसलो असताना माझ्या डोळ्याचा फोटो पडद्यावर आला. ताई, तू हे रोज बघत असशील, मी पहिल्यांदाच पाहिलं. नारिंगी आकाश. मावळतीनंतर दहा मिनिटांनी असतं तसं, आणि त्यात एका उजळ चंद्रापासून निघालेल्या लाल नद्या. मी म्हटलं, हे मी आजवर कधी रंगवलं नाही, आणि हे आतच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, इथे नदी अरुंद झालीय, इथे एक दुसरीला दाबतेय. "थोडंच आहे. वेळेवर आलात."

गोळ्या चालू झाल्या. पहिले दोन दिवस माच्यावर चढताना डोकं हलकं व्हायचं, तर डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर वर जायला बंदी केली आणि डोस बदलला. मी जमिनीवरूनच अंदाजाने रंगवलं. खारे दाणे बंद. काल १४४/८८.

आता दुसरी गोष्ट. बाईंनी विचारलं, घरात कुणाला? वडिलांचं सांगितलं. "आणि आईंना?" आईचा आकडा काय, ताई?

घरी आलो आणि तुझी तिन्ही पत्रं काढून आईची वाक्यं तेवढी पुन्हा वाचली.

चाळीस वर्षं ती शिवणयंत्रावर बसली. आपल्या शाळेच्या गणवेशापासून परक्यांच्या लग्नाच्या झग्यापर्यंत काहीही हातात आलं की ती आधी उलटं करायची. चांगल्या बाजूला कुणीही चांगलं दिसतं, म्हणायची. मी शिवलेल्या त्या पडद्याच्या कडा वाकड्यातिकड्या आहेत, एका कोपऱ्यात तर दोरा गुंतून गाठ झालीय. आणि ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, आकाश सुंदर आहे?

ते वाक्य आईचं नाही. मग आधीची तरी कुणाची?

खरं सांग. मला रागावशील तर रागाव, पण उलट टपाली.

ढग्या


२६ एप्रिल

ढग्या,

माझी आहेत. सगळी.

दोन वर्षं झाली. पहिल्यांदा तिने एका ब्लाऊजची बाही गळ्याला लावली आणि हसून म्हणाली, उजेड कमी होता. मग मावशीचं नाव आठवेना. मग एके दिवशी बाजारातून आली ती समोरच्या इमारतीत जाऊन दार वाजवत बसली. मेंदूचा फोटो काढला. तुझ्या त्या नारिंगी फोटोसारखाच दिसत असेल, पण करडा, आणि त्यात पांढरे ठिपके. डॉक्टर म्हणाले, हे छोटे-छोटे झटके आहेत, जुने. कधी येऊन गेले कुणाला कळलंही नसेल. त्या दिवशी तिचा दाब १९०/११० होता. कधीपासून होता कोण जाणे. दाबामुळेच सगळं झालं असं कुणी छातीठोक सांगत नाही, पण त्याचा हात आहे हे नक्की.

मी रोज चाळीस जणांच्या दंडाला पट्टा बांधते. आईच्या दंडाला एकदाही बांधला नव्हता. "मला काय धाड भरलीय," म्हणायची आणि मी ऐकायची. तिचं कधी ऐकलं नाही मी, नेमकं हेच ऐकलं.

म्हणून तुला यंत्र पाठवलं. बाबांचं कारण खरं होतं, पण ते दुसऱ्या नंबरचं होतं.

तिला फोनवर ऐकू येतं. तुझा आवाज ऐकून "कोण?" विचारील आणि तुला ते ऐकू येईल, म्हणून देत नव्हते. आणि वाक्यं... पहिलं वाक्य लिहिलं तेव्हा ते तुझ्यासाठी होतं. नंतर मला कळलं की मलाच ती ऐकायची असतात. संध्याकाळी टेबलाशी बसून, ती आत्ता काय म्हणाली असती, असा विचार करायचे आणि ती बोलायची. पडद्याच्या वेळी जमलं नाही. पडदा बघून ती काहीच बोलली नाही. उलटाही केला नाही. मग मी काय लिहिणार?

तुझं आकडे रचणं मी किती तोऱ्यात पकडलं! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

ताई


२ मे

ताई,

पत्र आलं त्या दिवशी मी काम केलं नाही. नदीवर जाऊन बसलो. आधी दुःख झालं, मग तुझा राग आला, दोन वर्षं! मग हिशेब केला तर त्या दोन वर्षांत मी एकदाही आलो नव्हतो. प्रयोग होते, आकाशं होती. राग कुठे ठेवावा कळेना, तसाच घरी घेऊन आलो.

मोजला. १५१/९०. तू म्हणतेस रागाचा एवढा संबंध नाही. थोडा असावा.

अकरा मेला प्रयोग संपतात, बाराला निघतो.

पण त्याआधी एक काम कर. सगळ्यांचे आकडे झाले. तुझा?

ढग्या


९ मे

ढग्या,

माझा दवाखान्यात दर महिन्याला मोजतात. ११८/७६. मैत्रिणी म्हणतात, तू म्हातारी होणारच नाहीस.

तुझं पत्र आल्यावर यंत्र घरी आणलं. सकाळी आवरायच्या घाईत १३८/८८. संध्याकाळी साडेसहाला १४८/९४. पाच दिवस तेच. आमच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. याला छुपा दाब म्हणतात. काही लोकांचा दवाखान्यात वाढतो, डॉक्टरचा पांढरा कोट बघून, आणि घरी उतरतो. माझं उलटं. दवाखान्यातच मी विसावते. तिथे प्रत्येक गोष्टीला रेघ आहे.

साडेसहाला उजेड उतरायला लागला की आई उठते. पिशवीत एक टॉवेल, एक कंगवा, चष्म्याची रिकामी डबी भरते आणि दाराशी उभी राहते. "चला, घरी जाऊ या. उशीर झाला." मी म्हणते, आई, हेच घर. ती माझ्याकडे इतक्या सभ्यपणे बघते, जसं रस्त्यात चुकीचा पत्ता सांगणाऱ्याकडे बघावं. मग आम्ही दोघी कोट चढवून खाली उतरतो, बंदरापर्यंत जातो, बोटींची नावं वाचतो, आणि परत येतो. "आलं बाई घर," म्हणते ती. कधी पहिल्या फेरीत, कधी चौथ्या.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिलं आणि छातीवरून काहीतरी उतरलं.

ये. बाराला नाही जमलं तर तेराला, पण ये.

ताई


३० मे

ढग्या,

तुला आणि आईला तुझ्या गावच्या गाडीत बसवून दिलं, ती गाडी दिसेनाशी झाल्यावरही मी फलाटावर उभी होते. तुझ्या खांद्यावर डोकं टेकून आई झोपली होती, खिडकीतून फक्त तिचे पांढरे केस दिसत होते.

घर फार मोठं झालंय. पहिले दोन दिवस साडेसहाला मी आपोआप उठून कोट चढवला आणि दाराशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी खाली उतरून एकटीच बंदरावर गेले. चौथ्या दिवशी चहा करून बसले.

तुझ्या घराला एक जिना चढावा लागतो, ती पडणार नाही ना? तिची गोळी सकाळच्या खाण्यानंतर, पाण्याबरोबर, समोर उभं राहून गिळलेली बघायची. तिचा दाब मोजताना "बोलू नकोस" म्हटलं तर ती हमखास बोलते, म्हणून मी तिच्या हातात कापडाचा तुकडा द्यायची. ऑक्टोबरमधे तुझे भावोजी आले की आम्ही दोघं येऊन तिला घेऊन जाऊ. पुढे सहा महिने माझ्याकडे, सहा तुझ्याकडे, ठरलंय ते ठरलंय. मधेच कंटाळून मोठेपणा करू नकोस.

माझा काल १३२/८४. अजून पायरीवरच आहे, पण खालच्या. आमचे डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू, मग गोळीचं ठरवू.

आईचं काहीतरी लिही. जे खरं असेल ते. मी आता काही रचू शकत नाही.

ताई


१९ जून

ताई,

खरंच लिहितो.

पहिला आठवडा वाईट गेला. ती मला "अहो" म्हणते. मी तिला आणलंय हे तिला आवडलेलं नाही, पण कुणाकडे तक्रार करावी हे कळत नाही, म्हणून माझ्याकडेच करते. "इथल्या माणसाने मला आणून ठेवलंय." मी म्हणतो, फारच विचित्र माणूस दिसतोय. मग ती जरा समजावते मला, तसा वाईट नाही तो, खायला वेळेवर देतो. दोनदा जिन्यावर बसून रडली. एकदा मीही बसलो. तुझ्यासारखं रोज शांतपणे खाली उतरून फिरवणं मला पहिल्या दिवशी जमलं नाही. मी आवाज चढवला. तू ते दोन वर्षं कसं केलंस, हे मला आता थोडं कळतंय.

माझ्या कामाच्या दालनाशेजारीच पोशाख शिवायची खोली आहे. तिथल्या मुख्य शिंपीणबाई आडदांड, मोठ्याने हसणाऱ्या आहेत. एके दिवशी मला आकाश संपवायचं होतं, म्हणून आईला तासभर त्यांच्याकडे बसवलं. परत आलो तर आई एका सैनिकाच्या कोटाची दुमड घालत होती. हातशिलाई, बारीक, एकसारखी. मशीन तिला देत नाहीत, सुईदोरा देतात. बाई म्हणाल्या, "माझ्या पोरींना हे येत नाही हो." आता ती रोज दुपारी तिथे असते. कुणाचे कपडे, कशासाठी, तिला माहीत नाही. कधी सगळं शिवलेलं उसवून ठेवते, तेव्हा बाई नुसत्या हसतात आणि दुसरं कापड देतात. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. वाईट दिवसही आहेत. परवा तिने सुई दाताखाली धरली आणि आमची धावपळ झाली.

तिचा दाब १३६/७८ च्या आसपास. माझा या आठवड्यात १२८/८०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालूच ठेवायच्या, आकडा उतरला म्हणजे आजार गेला असं नाही, तो गोळीने धरून ठेवलाय. मी विचारलं, किती दिवस? "रोज," म्हणाल्या.

काल संध्याकाळी नवीन आकाश जमिनीवर पसरलेलं होतं. मावळतीनंतरचं, नारिंगी. माझ्या डोळ्याच्या फोटोवरूनच केलंय, कुणाला सांगितलं नाही. रंग वाळला होता. आई शिवणाच्या खोलीतून आली, दारात थांबली, चपला काढल्या आणि नुसत्या मोज्यांनी हळूहळू त्याच्यावरून चालत माझ्यापर्यंत आली. उजेड उतरत होता, तिची घरी जायची वेळ झालेली. मी पिशवीची वाट बघत होतो. तिने पिशवी आणली नव्हती.

"तुम्ही इथेच काम करता का?" तिने विचारलं.

"हो."

"एकटेच असता?"

"नाही. आई असते."

"असं?" तिला बरं वाटलं. "कशी आहे ती?"

"बरी आहे. थोडं विसरते."

"वय झालं की व्हायचंच." ती जरा वेळ पायाखालच्या उजेडाकडे बघत राहिली. मग खिडकीकडे बघितलं, बाहेर अंधारून आलं होतं, आणि एकदम घाई झाल्यासारखी म्हणाली, "मग तुम्ही अजून इथे काय करताय? जा घरी. जेवायची थांबली असेल ती तुमच्यासाठी."

मी ब्रश धुतले, दिवा मालवला, आणि आम्ही दोघं जेवायला गेलो.

ढग्या